घरून काम करणाऱ्या सनदी लेखापालांसाठी काही सूचना

जुलै महिन्यात नोकरदारांच्या आयकर विवरणपत्रांची शेवटची ३१ तारीख जवळ आली की सनदी लेखापालांच्या कार्यालयांतील बरीचशी मंडळी हल्ली घरूनच काम करतात, आणि क्लायंटची गोपनीय माहिती घरी सुरक्षित राहील का, अशी शंका काही चिंतातुर लोक उपस्थित करतात. त्यांच्याकडे आपण लक्ष देऊ नये. कार्यालयात कोणीही परका माणूस शिरू शकतो. घरात मात्र सगळी आपलीच माणसे असतात, आणि आपल्या माणसांपासून काही लपवून ठेवणे आपल्या संस्कारांत बसत नाही.

कार्यालयाने दिलेला लॅपटॉप शक्यतो बॅगेतच राहू द्यावा. तो दर दहा मिनिटांनी पासवर्ड मागतो, पेनड्राइव्ह लावू देत नाही आणि एकूणच आपल्यावर अविश्वास दाखवतो. त्याऐवजी सर्व फाइली घरच्या संगणकावर घ्याव्यात, कारण त्या संगणकाची निगा आपले चिरंजीव राखतात आणि फुकटचे गेम कोणत्या संकेतस्थळावरून उतरवावेत याचे त्यांना उत्तम ज्ञान आहे.

आयकर विभागाने वार्षिक माहिती विवरणाच्या, म्हणजे करदात्याच्या वर्षभरातील व्यवहारांच्या नोंदीच्या, पीडीएफला पासवर्ड ठेवून उगाच अडचण केली आहे. इंग्रजी लहान अक्षरांत पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख, असा तो पासवर्ड असतो. ऐन घाईत शोधाशोध नको म्हणून फाइलच्या नावातच क्लायंटचे नाव, पॅन आणि जन्मतारीख लिहून ठेवावी. कुलूपही राहते आणि किल्लीही हरवत नाही.

डिजिटल सहीच्या टोकनांचा, म्हणजे सहीची गुप्त किल्ली साठवणाऱ्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणांचा, विषय थोडा विस्ताराने घ्यायला हवा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ४२व्या कलमानुसार सहीची ही खासगी किल्ली आपल्याच ताब्यात राहील याची वाजवी काळजी ज्याची सही आहे त्याने घ्यायची असते. परंतु क्लायंट कंपन्यांच्या बहुतेक संचालकांना आपले टोकन कसे दिसते हेच आठवत नाही, कारण मिळाल्याच्या दिवशीच ते त्यांनी आपल्या स्वाधीन केलेले असते. या विश्वासाला जागून सर्व कंपन्यांची टोकने श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात घालून घरी आणावीत, प्रत्येकावर संचालकांचे नाव आणि पिन लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, आणि मूळ पिन तर मुळीच बदलू नये, म्हणजे चिठ्ठी निघाली तरी काम अडत नाही. डबा फ्रिजवर ठेवला की घरात कोणालाही चटकन सापडतो. एखादे संचालक परदेशात असले आणि त्यांची सही त्याच दिवशी आपल्या स्वयंपाकघरातून झाली, तर त्याला तंत्रज्ञानाची प्रगती म्हणावे.

व्हॉट्सॲपशिवाय हा हंगाम पार पडणे अशक्यच. क्लायंटला पहिले आठ अंक झाकलेले आधार पाठवण्याचा सल्ला देऊ नये. संपूर्ण, रंगीत आणि दोन्ही बाजूंचे मागवावे. ती छायाचित्रे आपोआप फोनच्या गॅलरीत जातात, तिथून क्लाउडवर चढतात, आणि संध्याकाळी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर गेल्या वर्षीच्या गणपतीचे फोटो लागले की मोदकांच्या ताटानंतर एखाद्या औषधविक्रेत्याचे आधार कार्ड सर्वांना दिसते. कार्यालयाच्या ग्रुपमधून काम सोडून गेलेल्या आर्टिकल, म्हणजे प्रशिक्षणार्थी, मुलांना काढणे हा तर कोरडेपणा झाला. छपाईसाठी झेरॉक्सवाल्याच्या जीमेलवर ताळेबंद पाठवावेत. ते तिथे वर्षानुवर्षे राहतात, म्हणजे वेगळा बॅकअप ठेवण्याचे कष्ट वाचतात. नोटिशीचे उत्तर सुचत नसेल, तर नाव-पत्त्यासह ती अख्खी नोटीस एखाद्या फुकटच्या एआयला वाचायला द्यावी.

राहिला प्रश्न आत्याबाईंचा. त्यांच्या मुलीसाठी आलेल्या स्थळाचे विवरणपत्र योगायोगाने आपल्याकडेच असते आणि हे त्यांना आपल्याआधी कळलेले असते. सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार कामाच्या ओघात कळलेली माहिती क्लायंटच्या संमतीशिवाय इतरांना सांगणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, आणि त्यात आत्याबाईंसाठी कोणताही अपवाद केलेला नाही. आपण मात्र आकडा सांगूच नये. ‘दुकान मोठं दिसतं, पण कर्ज त्याहून मोठं आहे’ एवढेच म्हणून विषय बदलावा. असले बोलणे गॅलरीत उभे राहून फोनवर केल्यास समोरच्या इमारतीतील इच्छुकांचीही सोय होते.

एवढे करूनही माहिती बाहेर गेलीच, तर घाबरून जाऊ नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण इतक्या मोठ्या रकमेची भीती मध्यमवर्गीय माणसाला वाटतच नाही. तो वीजबिलाला घाबरतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. म्हणून ती लक्षात येण्याची घाई करू नये. क्लायंटला तर इतक्यात काहीच सांगू नये. त्यांच्या विवरणपत्राची पडताळणी अजून व्हायची असते आणि तिचा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतो. आधी तो फोनवर गोड बोलून विचारून घ्यावा.