सूफ उलट्या बाजूने भरतात

पांढरं रण बघायला कच्छला गेलो होतो. भुजहून अजरखपूरची वाट धरली ती फक्त अजरखचे, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेले दुपट्टे घ्यायला. तिथेच एलएलडीसी हे भरतकामाचं संग्रहालय दिसलं. ऊन मी म्हणत होतं, म्हणून आत शिरलो आणि अख्खी दुपार तिथेच गेली.

आपल्याकडे कच्छी काम म्हटलं की आरसे आणि भडक दोरे एवढंच डोळ्यांपुढे येतं. इथे रबारी, आहीर, मुतवा, जत अशा जमाती, प्रत्येकीची भरायची तऱ्हा निराळी. मी रेंगाळले ती सूफपाशी. सोढा आणि मेघवाळ बायकांचं हे काम. कापडावर छाप नाही, पेन्सिलीची रेघ नाही. उभे-आडवे धागे मोजत भरायचं, तेही कापडाच्या उलट बाजूने. सुलट बाजूला त्रिकोणाला त्रिकोण जुळत मोर उमटतो. एक धागा चुकला की पुढची नक्षी सरकली. सगळा हिशोब डोक्यात!

आणि याला आपण बायकांचा फावल्या वेळचा उद्योग म्हणतो. मला याचा मनापासून राग येतो. गॅलरीतल्या चित्राची किंमत निमूट मोजणारी माणसं भरलेल्या कापडापुढे "जरा कमी करा ना" म्हणतात.

१९६९च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ मुंबईहून मदतीला इथे आल्या. त्यांनी बायकांना भरायला साड्या दिल्या, कामाचे पैसे दिले. त्यातून श्रुजन ही संस्था उभी राहिली आणि २०१६ मध्ये हे संग्रहालय. त्यांनी या हातांना दान नाही, दाम दिला, हे मला फार मोठं वाटतं.

ढेबरिया रबारींची गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. भरलेले कपडे पुरे झाल्याशिवाय मुलीने सासरी जायचं नाही, अशी रीत. त्यात मुलींची वर्षं जाऊ लागली, तेव्हा १९९०च्या दशकात जमातीने भरतकामावर बंदीच घातली. पंच चुकले, असं मला म्हणवत नाही. पण इतका सुंदर टाका ज्यांच्या बोटांत होता, त्यांना कुणी विचारलं असेल का?

आपल्या शहरांत अशी प्रदर्शनं भरवणाऱ्यांना एकच सांगणं आहे. पाटीवर जमातीबरोबर भरणारीचंही नाव लिहा. आणि सूफचा एक तरी तुकडा उलटा टांगा, तिने काम करताना बघितलेली बाजू लोकांनाही दिसू दे.