जांघेतली धमनी आणि स्टेंट-ग्राफ्ट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिता, की अँजिओप्लास्टीत, म्हणजे जांघेतून नळी नेऊन हृदयाची अडलेली धमनी फुग्याने उघडताना, धमनीला इजा झाली तर सर्जनने ती उघडून शिवावी. स्टेंट-ग्राफ्ट (धमनीत आतून बसवायची, पातळ पडद्याने मढवलेली जाळीची नळी) म्हणजे तुमच्या मते कॅथलॅबवाल्यांनी, म्हणजे अँजिओप्लास्टी करणाऱ्यांनी, आपली चूक झाकायला लावलेलं महागडं ठिगळ. तुमच्या काकांच्या जांघेत धमनीतून रक्त गळून फुगवटा आला, स्टेंट-ग्राफ्ट बसवला, बिल वाढलं. तुमचा राग मला कळतो.

पण इजा नेमकी कुठे झाली, यावर सगळं ठरतं. जांघेच्या घडीतली धमनी असेल तर मी तुमच्याच बाजूने आहे. पाय दुमडला की ती वाकते, तिथला स्टेंट तुटू शकतो. मांडीला रक्त देणारी मोठी शाखा त्याच्याआड झाकली जाऊ शकते. तिथल्या फुगवट्याला बहुतेक वेळा सोनोग्राफीत बघून दिलेला दाब किंवा रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनचं इंजेक्शन पुरतं. नाही पुरलं तर सर्जनचे टाके.

वरची, पोटातली इलियाक धमनी फाटली तर गोष्ट वेगळी. रक्त बाहेर दिसतच नाही, पोटाच्या मागच्या जागेत साचत जातं. रुग्ण कंबर दुखते म्हणतो, घामाने भिजतो, बीपी कोसळतं. त्यात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला पूर्ण भूल देऊन, पोट उघडून, साकळलेल्या रक्तात भोक शोधायचं? दुसऱ्या जांघेतून फुगा नेऊन फाटल्या जागी फुगवला तर रक्त तिथल्या तिथे थांबतं, मग पीटीएफई या प्लास्टिकच्या पातळ पडद्याने मढवलेला स्टेंट, म्हणजेच स्टेंट-ग्राफ्ट, आतून बसवता येतो. मडगावात असं घडलं आणि व्हॅस्क्युलर सर्जन हाताशी नसला, तर त्या फुग्याच्या आधारावरच रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत जिवंत पोचू शकतो. याला चूक झाकणं म्हणायला माझं मन तयार नाही.

हृदयाच्या धमनीला भोक पडलं तर वेळ आणखी कमी असतो. तिथेही कव्हर्ड (असाच मढवलेला) स्टेंट जीव वाचवतो, मात्र साध्या स्टेंटपेक्षा त्यात गुठळी होण्याची भीती जास्त. गणेश चवथीच्या धावपळीत रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चुकवणारे रुग्ण पाहिले की म्हणूनच माझा जीव वर-खाली होतो.

काकांच्या डिस्चार्ज कार्डावर स्टेंट-ग्राफ्ट कुठल्या धमनीत बसवला ते लिहिलेलं असायला हवं. नसेल तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. जागा जांघेच्या घडीतली निघाली तर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून व्हॅस्क्युलर सर्जनला दाखवा. आणि गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.