कुंड्या आत, कुंड्या बाहेर

इंग्लंडमध्ये मोगरा, चाफा आणि जास्वंद सांभाळणाऱ्या माणसाला दोनच ऋतू असतात. एक कुंड्या बाहेर न्यायचा, दुसरा कुंड्या आत आणायचा. पहिला मेच्या अखेरीस येतो, दुसरा सप्टेंबर संपता संपता. शेजारीपाजारी हवामानाच्या ॲपवर उद्या पाऊस आहे का ते बघतात (तो असतोच). माझी नजर रात्रीच्या किमान तापमानावर. १२ दिसलं की जीव भांड्यात पडतो, ९ दिसलं की कंबर कसायची. हे शब्दशः घ्यावं, कारण ४० सेंटिमीटर व्यासाची, पाणी प्यायलेली कुंडी २५ किलोच्या आसपास भरते आणि ती उचलताना सगळ्यात आधी कंबरच बोलते.

सगळ्यांची समजूत अशी की इथे ही झाडं थंडीने मरतात. बाहेर ठेवली तर मरतीलच, ते सांगायला माळी नको. पण घरात आणलेलं झाड जानेवारीत मरतं ते बहुतेक वेळा आपल्या मायेने. घर २० अंशांवर उबदार, त्यामुळे मोगऱ्याला वाटतं चैत्र लागला. उजेड बघावा तर लंडनचा डिसेंबरातला दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर येतो न येतो तोच समोरच्यांच्या धुराड्याआड जातो. पुण्यातला वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा ११ तासांचा असतो. म्हणजे इथे ऊब आहे आणि उजेड नाही. अशा वेळी झाड फिकट, लांबुडके, लुळे कोंब काढतं, मुळं पाणी फारसं ओढत नाहीत आणि बुडाकडची दोन-चार पानं पिवळी पडतात.

इथे माया जागी होते. पान पिवळं, म्हणजे बिचारं तहानलंय. घाला पाणी. गार आणि चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजू लागतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड मान टाकतं. मान टाकलेली बघून घरातलं दुसरं माणूस कळवळतं आणि तेही झारी घेऊन येतं. आणखी थोड्या दिवसांत कुंडीला डबक्याचा वास येतो, आणि मग फोनवर जाहीर होतं, "इकडची हवाच मानवत नाही हो त्याला!" हवेचा काही संबंध नसतो.

उपाय साधा आहे, पण हात आखडता घ्यावा लागतो. उजेड कमी झाला की ऊब आणि पाणी दोन्ही सोबत उतरवायची. मोगऱ्याला हिवाळ्यात १२ ते १५ अंशांची खोली आणि घरातली सगळ्यात उजेडाची, शक्यतो दक्षिणेची खिडकी हवी. बोटाची दोन पेरं खोल माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. बोटापेक्षा हात बरा : कुंडी एका बाजूने किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, आठवडाभरात तो हाताला बसतो. बशीत उतरलेलं पाणी अर्ध्या तासात फेकून द्यायचं. ऑक्टोबर ते मार्च खत बंद. १४ अंशांची उजेडाची खोली बहुतेक घरांत पाहुण्यांची असते, त्यामुळे नाताळात येणाऱ्या पाहुण्यांना दोन ब्लँकेटं जादा द्यावीत आणि कारण सांगू नये.

आता खिडकी. इंग्लिश घरात रेडिएटर हटकून खिडकीखाली असतो. दिवसा खालून कोरडी गरम हवा कुंडीला शेकते. रात्री आपण पडदा ओढतो तेव्हा झाड पडदा आणि काच यांच्या मधल्या फटीत सापडतं. अलीकडे आपण हीटिंगमध्ये, पलीकडे ते बर्फाच्या शेजारी. सकाळी पडदा सारला की काचेवर पाण्याचे ओघळ दिसतात आणि जास्वंदीचं एखादं पान काचेला चिकटलेलं असतं. ते सोडवलं की जेवढा भाग चिकटला होता तेवढाच काळपट आणि पाणीदार झालेला दिसतो. म्हणून कुंडी काचेपासून वीतभर आत ठेवायची, पडदा झाडाच्या मागून, म्हणजे झाड आणि काच यांच्यामधून ओढायचा, आणि रेडिएटरवर पुढे आलेली फळी टाकायची, म्हणजे गरम झोत खोलीत वळतो. पण वीतभर म्हणजे वीतभरच. मीटरभर आत आणली तर उजेड इतका घटतो की आपल्याला पेपर वाचता येतो आणि झाडाला उपास घडतो.

उजेड विकत घ्यायचा असेल तर साधे पांढरे, फुल स्पेक्ट्रम एलईडी घ्यावेत. शेंड्यापासून २० ते ३० सेंटिमीटरवर टांगून टायमरवर १२ तास चालवले की काम भागतं. जांभळे दिवेही मिळतात आणि तेही चालतात. पण वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून रोज रात्री जांभळा प्रकाश बाहेर पडू लागला की रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या मनात मोगरा येत नाही, दुसरंच एक झाड येतं. पोलिसांना अनंताची लागवड समजावून सांगण्यापेक्षा पांढरा दिवा परवडला.

पानांवर पाणी फवारून हवा दमट होते हाही एक गोड गैरसमज. तो दमटपणा दहा मिनिटांत उडून जातो. कुंड्या घोळक्याने ठेवल्या तर थोडा फरक पडतो, ह्युमिडिफायरने बराच. कुकरच्या शिट्ट्या मोफत असतात, पण झाडाच्या पानांना फोडणीचा तेलकट थर चढतो आणि तो पुसायचं काम मागे लागतं.

या सगळ्यात सगळ्यात समंजस झाड म्हणजे आपला देवळासमोरचा चाफा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो पानं गाळतो आणि एप्रिलपर्यंत नुसती काठी होऊन बसतो. पानं नसली की उजेड लागत नाही, त्यामुळे तो खुशाल कोपऱ्यात, जिन्याखाली, गॅरेजमध्ये ठेवावा. अट दोनच : १० अंशांखाली जाऊ द्यायचं नाही आणि पाणी जवळजवळ नाहीच. खोड फारच सुरकुतलं तर महिन्यातून एकदा कपभर. अधूनमधून अंगठ्याने खोड दाबून बघावं. टणक लागलं तर झोपलाय. पिचपिचीत लागलं तर कुजतोय, आणि मग सुरी घेऊन आतला भाग स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत वरून काप घेत जायचं. कापाला पांढरा चीक आला म्हणजे तिथवर जीव आहे. तो चीक हाताला लागू देऊ नये, खाज सुटते. उरलेला निरोगी तुकडा फुटभर लांब असेल तर फेकू नका. आठ-दहा दिवस सावलीत सुकवून, काप बंद झाल्यावर निम्मी माती आणि निम्मं परलाइट किंवा जाड वाळू अशा मिश्रणात खोचा आणि पानं फुटेपर्यंत पाण्याचा विचार मनात आणू नका. एवढ्या सहा महिन्यांत घरी येणारा प्रत्येक माणूस "ही काठी कशाला ठेवलीय?" असं विचारणार. उत्तर देण्यात वेळ घालवू नये.

मोगऱ्याची फुलं नव्या फुटीवर येतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये एक तृतीयांश छाटणी करायची, आणि ती करताना डोळ्यांत पाणी आणायचं नाही. मेपासून दर आठ-पंधरा दिवसांनी टोमॅटोचं द्रवखत द्यायचं, कारण त्यात पालाश जास्त असतं आणि या देशात ते किराण्याच्या दुकानातही मिळतं. जागा दक्षिणेकडच्या भिंतीला टेकून. घेताना नाव नीट वाचा : फेब्रुवारीत तारेच्या कड्याला गुंडाळून विकतात तो नाजूक वेल वेगळ्या जातीचा आहे, मोगरा नव्हे. 'मेड ऑफ ऑर्लिअन्स' हा सुटसुटीत मोगरा भरपूर फुलतो. गच्च पाकळ्यांचा 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' नावाप्रमाणेच सावकाश आणि मानपान बघून फुलतो. गजऱ्याची स्वप्नं मात्र बघू नयेत. भर मोसमात एका कुंडीतून दिवसाला पाच-सहा कळ्या, त्यातल्या दोन देवापुढे, एक चहाच्या टेबलावर, उरलेल्यांवरून घरात वाद.

अनंताच्या वाटेला जाणाऱ्याने आधी आपली किटली उघडून बघावी. आत पांढरा थर दिसला म्हणजे नळाचं पाणी चुनखडीचं आहे, आणि लंडनचं ते आहेच. अनंताला आम्लधर्मी माती लागते. चुनखडीच्या पाण्याने लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. पावसाचं पाणी पिंपात साठवा (या देशात निदान तेवढी तरी सोय आहे), कुंडीत एरिकेशस, म्हणजे आम्लधर्मी कंपोस्ट भरा, जोडीला चिलेटेड, म्हणजे मुळांना सहज घेता येईल असं लोह द्या. नातेवाईक आंबट ताक ओतायला सांगतील. तो सल्ला अंगण असलेल्या लोकांचा आहे. जानेवारीत खिडक्या बंद असलेल्या दिवाणखान्यात ताक ओतून बघा, झाडाआधी माणसं माना टाकतील. एवढं करूनही कुंडी या खोलीतून त्या खोलीत नेली की अनंत सगळ्या कळ्या टाकतो. त्याला राग पटकन येतो.

जास्वंदीचं वेळापत्रक गणपतीशी बांधलेलं. सुपरमार्केटात मिळणारी आटोपशीर, कळ्यांनी लगडलेली जास्वंद वाढ रोखणारं औषध देऊन बसकी केलेली असते. औषधाचा अंमल उतरला की ती ताडमाड होते, मग वसंतात निर्धास्त छाटायची. नर्सरीत बाहेर, थंडीत उभी असलेली 'हिबिस्कस सिरियाकस' ही निराळी, बर्फालाही न जुमानणारी जास्वंद. लाल भडक नसते, पण जुलै ते सप्टेंबर फुलते आणि आत-बाहेर करावी लागत नाही. बाप्पा चालवून घेतो. दूर्वांचं बोलू नका, इथल्या लॉनमध्ये बहुतेक दुसरंच गवत असतं.

घरात कुंड्या आणताना त्यांच्याबरोबर कोण येतं हेही बघायला हवं. आणण्याआधी कुंडी बादलीभर पाण्यात १५-२० मिनिटं बुडवून ठेवली की मुंग्या, किडे आणि गोगलगायी वर येतात. फांदीच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कानकोरण्याचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेकाला पुसायचं आणि आठवड्याने पुन्हा तेच, कारण अंडी राहतातच. पानामागे बारीक जाळी म्हणजे लाल कोळी. तो कोरड्या हवेत बोकाळतो, त्याला शॉवरखाली न्या. आणि कुंडीतून उठून थेट चहात पडणाऱ्या काळ्या चिलटांसाठी वरची तीन-चार सेंटिमीटर माती सुकू द्यायची, पिवळे चिकट सापळे लावायचे, तरीही भागलं नाही तर सूत्रकृमी मागवायचे. ते पोस्टाने पाकिटात येतात, पाण्यात कालवून कुंडीत ओतले की चिलटांच्या अळ्या मारतात. लगेच वापरणार नसाल तर पाकीट फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. इडलीच्या पिठाशेजारी जिवंत किड्यांचं पाकीट ही गोष्ट घरी आधी सांगितलेली बरी.

ब्रह्मकमळाचा त्रास बागकामाचा नाहीच, घड्याळाचा आहे. घरोघरी असतो तो मेक्सिकोकडचा निवडुंग. लहान कुंडी, हिवाळ्यात १० ते १५ अंश आणि बेताचं पाणी, एवढ्यावर तो खूश. कळी धरली की कुंडी फिरवायची नाही, नाहीतर कळी गळते. लोंबणारी कळी मान वळवून वर बघू लागली आणि टोकाशी फट पडली की रात्र तीच. उन्हाळ्यात इथे अंधारच उशिरा पडतो, त्यामुळे फूल पुरतं उमलेपर्यंत ११ वाजतात, आणि भारतात तेव्हा पहाटेचे साडेतीन. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला तर सगळ्यांना वाटतं कुणाचं तरी काही बरंवाईट झालं. तिकडे उठून "वा, छान!" येईपर्यंत इकडे फुलाची चिंधी झालेली असते.

या देशाला असल्या फुलांचं वेड नवं नाही. १८८९ साली लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात सुमात्राचं एक अजस्र, सडक्या मांसासारख्या वासाचं फूल लागवडीत प्रथमच फुललं, आणि आजही ते फुलतं तेव्हा लोक रांगा लावतात. त्याचं शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस टायटॅनम. आपला सुरण याच प्रजातीतला, कोकणातला शेवळाही. तिकीट काढून वास घेणाऱ्यांना हे सांगून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात.

मे महिन्यात कुंड्या बाहेर काढताना घाई नको. काचेआड वाढलेली पानं थेट उन्हात ठेवली तर पांढरे डाग पडून भाजतात. होय, इंग्लंडच्या उन्हात. पहिला आठवडा सावलीत, दुसरा सकाळच्या उन्हात, मग मोकळं. आणि कुणी म्हणालं की येताना बॅगेत ओल्या फडक्यात सोनचाफ्याचं कलम गुंडाळून आणतो, तर हात जोडून नको म्हणा. झाड रोगकिडीमुक्त असल्याच्या (फायटोसॅनिटरी) दाखल्याशिवाय ते आणायला मनाई आहे, ते विमानतळावरच काढून घेतात.

उरला प्रश्न डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाण्याचा. थर्मोस्टॅट १२ वर, दिवे टायमरवर, निघण्याच्या दोन दिवस आधी एकदा पोटभर पाणी आणि बशा रिकाम्या. तीन आठवड्यांत झाडांना काही होत नाही, उलट घरात कुणी नसल्याने त्यांची मुळं सुखात असतात. शेजारच्या आजी प्रेमळ आहेत, किल्ली त्यांना जरूर द्या, पत्रं उचलून ठेवतील. फक्त झारी शेडमध्ये कुलपात ठेवून जा. त्या कपानेही घालतात, आणि सुरुवात काठीपासून करतात.