विरघळावा, पण घाई न करता

टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, शिवायच्या धाग्यावरचा लेख वाचला. त्यासाठी मजबूत आणि शरीरातच विरघळणारा धागा हवा, हे त्यातलं म्हणणं पटतं. पण भर 'विरघळणारा' यावरच जास्त पडलाय. असे धागे आहेतच की! पॉलिग्लॅक्टिन या विरघळणाऱ्या धाग्याची ताकद 3 आठवड्यांत साधारण निम्म्यावर येते. कातडीखालच्या टाक्यांना तेवढं पुरतं. टेंडनला रक्तपुरवठाच कमी, नीट भार पेलायला 12 आठवडे तरी हवेत. म्हणून बरेच सर्जन पॉलिएस्टर नाहीतर पॉलिप्रोपिलीन वापरतात, ते कायमचं आत राहतं.

मी भंडारा जिल्ह्यात फिजिओथेरपी करते. धानकापणी लागली की डाव्या करंगळीचे पेशंट येतात. उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत धान. विळा सटकला की करंगळीच सापडते. टाके पक्के असतात हो, पण बोट वाकवताना गाठ टेंडनच्या आवरणात अडकते, मध्येच खट्‌कन थांबते. मग माणूस व्यायामच सोडतो, आणि बोट आखडतं. तेव्हा धागा बारीक, गुळगुळीत आणि लहान गाठीत बसणारा हवा, हे लेखात यायलाच हवं होतं.

आमच्याकडे टसर पिकतो, म्हणून कुणी रेशमाचं नाव काढेलच. रेशमाचे टाके जुनेच आहेत. मात्र वरचं सेरिसिन, म्हणजे डिंकासारखा थर, नीट काढलं नाही तर सूज येते, आणि विरघळायला रेशीम फारच सावकाश.

लेखकांना एकच विचारते: या धाग्याची ताकद नुसती एकदा ओढून मोजली, की ओल्यात पुन्हापुन्हा ताण देऊनही?