तांडेलाचे दोन वाटे

२०२५ च्या दिवाळी पाडव्याला, २२ ऑक्टोबरला, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा अल नासर यांची मॅच झाली. अल नासरकडून खेळणारा रोनाल्डो आलाच नाही. संघ आला, २-१ ने जिंकला आणि परत गेला. गोव्याकडून ब्रायसन फर्नांडिसने एक गोल केला, तेवढंच काय ते समाधान. सर्वांत जास्त कमावणाऱ्या खेळाडूंच्या फोर्ब्सच्या २०२५ च्या यादीत याच रोनाल्डोची वर्षाची कमाई साडेसत्तावीस कोटी डॉलर आहे. तेव्हापासून बांदा-सावंतवाडीकडच्या गजालींत एक प्रश्न ठाण मांडून बसलाय: एक बॉल लाथाडूचे येवढे पैशे कित्याक?

इथे इंग्लंडात बसून ही चर्चा फोनवर ऐकताना एक गोष्ट जाणवते. घरी भांडण लायकीवरून चालतं. रात्री आंबोली घाटातून चव्वेचाळीस माणसं खाली उतरवणाऱ्या एसटी ड्रायव्हरला काय मिळतं आणि याला काय मिळतं? लायकीच मोजायची तर त्या ड्रायव्हरसमोर कुठलाच फुटबॉलपटू टिकणार नाही, हे मान्य करून टाकू. पण पगार लायकीवर ठरतो हे मालवणच्या बंदरावर तरी कुणी मानत नाही. ट्रॉलर धक्क्याला लागला, लिलाव झाला की आधी डिझेल, बर्फ आणि रेशनचा खर्च वजा होतो. उरलेल्यात मालकाचा हिस्सा वेगळा निघतो आणि राहिलेल्याचे खलाशांत वाटे पडतात. रीत बंदरागणिक बदलते, पण तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, खलाशापेक्षा जास्त, बहुतेक ठिकाणी दोन वाटे मिळतात. तांडेल खलाशाच्या दुप्पट चांगला माणूस आहे असं त्याची बायकोसुद्धा म्हणणार नाही. त्याला मासळी कुठे आहे ते कळतं आणि तो दुसऱ्या बोटीवर गेला तर मासळीही तिकडे जाते, म्हणून दोन वाटे.

फुटबॉलचा हिशेब असाच आहे, फक्त जाळं फार मोठं आहे. दशावतारातला संकासूर कितीही रंगला तरी जत्रेच्या मैदानात मावेल तेवढाच प्रेक्षक. डबलबारीच्या, म्हणजे भजनाच्या जुगलबंदीच्या, नामांकित बुवाला पखवाजवाल्यापेक्षा जास्त बिदागी मिळते, पण रात्री एकच बारी होते. टीव्हीने फुटबॉलपटूची ही मर्यादा काढून टाकली. त्याचा नव्वद मिनिटांचा खेळ एकाच वेळी शंभराहून जास्त देशांत विकला जातो, आणि दुसऱ्या कोटी लोकांना दाखवायला त्याला जास्तीचं एक पाऊलही पळावं लागत नाही. एसटी ड्रायव्हरची सीट मात्र चव्वेचाळीसच्या वर जात नाही. त्याचा पगार कमी आहे तो महामंडळाच्या आणि सरकारच्या निर्णयांमुळे. २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढल्या एप्रिलपर्यंत संप चालला, त्यात रोनाल्डोचा काही संबंध नव्हता.

हा पैसा येतो कुठून? प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचे, इंग्लंडातले टीव्ही हक्क २०२५ ते २०२९ या चार वर्षांसाठी ६.७ अब्ज पौंडांना गेलेत. परदेशांतल्या हक्कांचं उत्पन्न तर २०२२ पासून घरच्या हक्कांच्याही पुढे गेलं. म्हणजे वेंगुर्ल्यातला पोरगा मोबाईलवर मॅच बघतो तेव्हा तोही या पगाराला हातभार लावतो. गंमत अशी की शनिवारी दुपारी तीनची मॅच तो सुखाने बघतो, आणि ती मॅच ज्या गावात चालते तिथल्या इंग्रजाला ती टीव्हीवर बघता येत नाही. इथे शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच लाइव्ह फुटबॉल दाखवायला बंदी आहे. लोकांनी घरी न बसता खालच्या डिव्हिजनच्या मैदानांवर जावं म्हणून ही जुनी सोय आहे.

आता आकडा हातात घेऊन बघू. समजा एखाद्याचा पगार आठवड्याला दोन लाख पौंड आहे. बड्या क्लबात असे आकडे असतात. वर्षाचे झाले १ कोटी ४ लाख पौंड. पौंड ११५ रुपये धरला तर साधारण १२० कोटी रुपये. सव्वा लाख पौंडांच्या वरच्या कमाईवर ४५ टक्के आयकर, त्यावर २ टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेची वर्गणी. हातात उरतात ५५ लाख पौंडांच्या आसपास, आणि साधारण ४९ लाख सरकारजमा होतात. शिवाय क्लबाला स्वतःच्या खिशातून १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स भरावा लागतो, म्हणजे आणखी १५ लाख ६० हजार. बेरीज केली तर त्या पायांवर खेळाडूपेक्षा सरकारच जास्त कमावतं. याला एक चोरवाट आहे. चेहऱ्याचे आणि नावाचे हक्क वेगळ्या कंपनीच्या नावावर ठेवायचे, म्हणजे त्या भागावर कंपनीचा २५ टक्केच कर लागतो. कर खात्याचा डोळा नेमका तिथेच असतो, आणि तो असायलाच हवा.

कागदावरचा पगार आणि मिळणारा पगार यांतही फरक असतो. करारात मूळ पगार, मॅचमागे भत्ता, गोलाचा बोनस, ठरावीक वर्षं टिकल्याचा बोनस असे तुकडे असतात. क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला तर पगार आपोआप कापायचं कलमही बऱ्याच करारांत असतं. ज्या क्लबांनी ते घातलं नाही त्यांना घसरल्यावर जुन्या पगारांचं ओझं नव्या, आटलेल्या उत्पन्नावर ओढावं लागतं. बुडण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

घरी दुसरी एक सूचना हमखास येते: वर मर्यादा घाला, अमुक कोटीच्या पुढे नाहीच. इंग्लंडने हे करून पाहिलेलं आहे. १९६१ च्या जानेवारीपर्यंत इथे खेळाडूला आठवड्याला २० पौंडांच्या वर पगार द्यायला मनाई होती. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या मैदानांवर चार कोटींहून जास्त प्रेक्षक आले. तिकिटाचा पैसा गोळा होतच होता, फक्त तो खेळणाऱ्यांपर्यंत पोचत नव्हता. जिमी हिलच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना संपाच्या तयारीला लागली तेव्हा मर्यादा गेली, आणि फुलहॅमचा जॉनी हेन्स शंभर पौंडवाला पहिला खेळाडू ठरला. पुढे १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने बोसमान प्रकरणात निकाल दिला: करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबाला पैसे मागता येणार नाहीत. तोवर करार संपला तरी खलाशी जुन्या मालकाच्या दोरीला बांधलेला असायचा. दोरी सुटली आणि वाटा वाढला.

मर्यादा घातली की पैसा नाहीसा होत नाही, तो मालकाकडे राहतो. याचं ताजं उदाहरण आपल्याच घरी आहे. ऋषभ पंतला २०२४ च्या लिलावात २७ कोटी मिळाले तेव्हा लोकांचे डोळे पांढरे झाले. पण २०२५ साठी आयपीएलच्या एका संघाची लिलावाची थैली १२० कोटींची होती, म्हणजे वर धरलेल्या आपल्या एका फुटबॉलपटूच्या वर्षाच्या पगाराएवढ्यात अख्खा संघ. दहा संघांचे मिळून झाले १२०० कोटी. उलट २०२३ ते २०२७ चे टीव्ही आणि मोबाईलचे हक्क ४८,३९० कोटींना गेलेत, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींच्या वर. मॅच फी वगैरे धरली तरी खेळाडूंचा हिस्सा नुसत्या या हक्कांच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास घुटमळतो, प्रायोजकांचा पैसा तर वेगळाच. युरोपात यूएफाने, म्हणजे तिथल्या फुटबॉल महासंघाने, आता उलट बाजूने लगाम घातलाय: खेळाडू, प्रशिक्षक, ट्रान्सफर आणि एजंट यांवरचा खर्च क्लबाच्या उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. २०२३-२४ ला ९०, मग ८०, आणि २०२५-२६ पासून ७०. तिथे खेळाडू फार घेतो म्हणून सत्तरवर थांबवावं लागतं आणि आपल्याकडे पंधरावर लोक तोंडात बोट घालतात. माझ्या मते तिठ्यावर रागवायचंच असेल तर या दुसऱ्या आकड्यावर रागवावं.

रोनाल्डोला मात्र मी या हिशेबातून बाहेर काढतो. अल नासरसह चार सौदी क्लबांचा ७५ टक्के मालकीहक्क जून २०२३ मध्ये तिथल्या सरकारी गुंतवणूक निधीने घेतला. त्याचा पगार तिकिटातून किंवा टीव्हीतून निघत नाही, आणि पगारावर तिथे आयकरही नाही. तो देशाच्या जाहिरातीचा खर्च आहे. इथे तांडेलाच्या वाट्याची उपमा लागू पडत नाही, कारण मासळी पकडलेलीच नाही. या जाहिरातीचे पैसे योग्य की अयोग्य हे त्या देशातल्या लोकांनी विचारायचं, आणि विचारायची मुभा किती आहे हा निराळा विषय.

इंग्लंडातला खरा बिघाड वरच्या पगारात नाही, वर आणि खालच्या मधल्या कड्यात आहे. प्रीमियर लीगच्या आत वाटणी बऱ्यापैकी बरी आहे: घरच्या टीव्ही पैशातला अर्धा सगळ्यांना सारखा, पाव क्रमांकाप्रमाणे, पाव किती मॅच दाखवल्या त्याप्रमाणे. पहिल्या आणि शेवटच्या क्लबांत दुपटीचाही फरक राहत नाही. पण प्रीमियर लीगमधला शेवटचा, विसावा क्लब आणि खालच्या डिव्हिजनमधला पहिला, म्हणजे एकविसावा, यांच्यात दरी आहे. घसरलेल्या क्लबांना जास्तीत जास्त तीन वर्षं वाटखर्ची मिळते, सारख्या वाट्याच्या ५५, ४५ आणि मग २० टक्के. ज्यांना ती मिळत नाही ते त्यांच्याशी टक्कर द्यायला कर्ज काढून पगार देतात. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये कित्येक हंगामांत क्लबांचा एकूण पगारखर्च एकूण उत्पन्नापेक्षाही जास्त निघालाय. शंभराची मासळी आणि एकशेदहाचे वाटे! मालक खिशातून घालतो तोवर बोट तरंगते. १८९४ पासून लीगमध्ये असलेला बरी हा क्लब २०१९ च्या ऑगस्टमध्ये लीगबाहेर काढला गेला, कारण मालकाकडे पैसा असल्याचा पुरावाच देता आला नाही. अशा वेळी कळ सोसतात ती तिकीटघरातली, कॅन्टीनमधली, गवत कापणारी माणसं. असे प्रकार साठत गेले तेव्हा २०२५ च्या जुलैमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला.

किनाऱ्यावर आपली बोटही याच खडकावर आपटलेली आहे. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा या तिन्ही क्लबांनी आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली. २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, पुढचा हंगामच थांबवून ठेवला गेला, काही क्लबांनी पगार रोखले. फातोर्ड्याला अल नासरशी झुंजलेल्या पोरांना त्या दिवशी आपली लीग कधी सुरू होणार हेही माहीत नव्हतं.

म्हणून कोकणातल्या क्लब चालवणाऱ्यांनी वरच्या माणसाचा पगार मोजण्याऐवजी आपला वाटा मोजावा. फिफाच्या नियमाप्रमाणे करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वर्षांदरम्यान शिकवणाऱ्या क्लबांना द्यावे लागतात. १२ ते १५ या चार हंगामांना प्रत्येकी रकमेच्या पाव टक्का, १६ ते २३ या आठ हंगामांना प्रत्येकी अर्धा टक्का. परदेशातले दोन क्लब आपसात व्यवहार करतात तेव्हाही आपल्याकडच्या क्लबाचा हक्क राहतो. वीस लाख युरोंचा व्यवहार झाला आणि पोरगा १२ ते १७ एका कोकणी क्लबात असला, तर त्या क्लबाचे होतात ४० हजार युरो, म्हणजे युरो शंभर रुपयांना धरून चाळीस लाख. तेवढ्यात मैदानाला कुंपण होतं, पाण्याची सोय होते आणि दोन प्रशिक्षकांचे काही वर्षांचे पगारही निघतात.

असा व्यवहार रोज होत नाही. भारतातून बाहेर विकले जाणारे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि भारतातल्या भारतात झालेल्या व्यवहाराला हा नियम लागत नाही. पण होतो तेव्हा वाटा हुकतो तो कागदामुळे. २०२२ पासून फिफाचं पॅरिसमधलं क्लिअरिंग हाऊस नोंदणीवरून खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट बनवतं आणि पैसे त्यावरूनच वाटतं. नोंद नाही तर शिकवलंच नाही, असा तिथला न्याय. त्यामुळे क्लब जिल्ह्यामार्फत राज्य संघटनेशी, महाराष्ट्रात विफाशी, संलग्न हवा. मुलाची नोंदणी राष्ट्रीय महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत बाराव्या वर्षापासून दर हंगामाला व्हायला हवी. एक हंगाम सुटला की तेवढा पाव किंवा अर्धा टक्का गेला. जन्मदाखला आणि आधार यांवर नाव किंवा तारीख जुळत नाही ही सगळ्यात नेहमीची अडचण, ती पोरगा लहान असतानाच सोडवावी. बँक खातं अध्यक्षाच्या किंवा शिक्षकाच्या नावावर नको, क्लबाच्या नावावर हवं, नाहीतर तपासणीत अडकतं. आणि पोरगा चौदाव्या वर्षी गोव्यातल्या मोठ्या क्लबाकडे जातो तेव्हा निरोपाचा नारळ देऊन मोकळं व्हायचं नाही, रीतसर ट्रान्सफर करून द्यायची. नाहीतर पासपोर्टावर त्याचं फुटबॉल चौदाव्या वर्षी मडगावात सुरू झालेलं दिसतं, आणि आधीच्या वर्षांचा क्लबच सापडला नाही तर तो वाटा किनाऱ्यावर न येता देशाच्या महासंघाकडे जातो.