पंचाने डॉक्टर व्हावे, असे म्हटले कोणी?

शालेय स्पर्धांच्या पंचांना डोक्याच्या दुखापतींविषयी प्रशिक्षण सक्तीचे करावे, अशी सूचना आमच्या तालुक्यातील क्रीडाशिक्षकांच्या बैठकीत कोणीतरी मांडली आणि ती हसण्यावारी नेण्यात आली. ही हकीकत मला कळली ती माझ्या आतेभावाकडून. दादा शाळेत क्रीडाशिक्षक आहे, तालुका आणि जिल्हा पातळीवर कबड्डीचा पंच म्हणून उभा राहतो आणि हसणाऱ्यांत तोही होता. "पंचानं शिट्टी मारायची की डॉक्टरकी करायची?" हा बैठकीतला सवाल त्याने मला फोनवर मोठ्या चवीने ऐकवला आणि वर पुस्ती जोडली, "तुमच्याकडची पोरं काचेची असतील, आमची मातीत वाढलीत." काचेचा मुद्दा सोडून देता आला असता. डॉक्टरकीचा मुद्दा मात्र मला झोंबला, कारण तो मुळातच चुकीचा आहे.

मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हायस्कूलच्या सॉकर सामन्यांत पंच म्हणून काम करतो. पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा आहे. हा फॉल सीझनमधल्या संध्याकाळचा उद्योग. २०१३ च्या एप्रिलपासून या राज्यात प्रशिक्षकांनी आणि पंचांनी दर तीन वर्षांनी कन्कशनचे, म्हणजे मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याचे, प्रशिक्षण घेतलेच पाहिजे असा कायदा आहे. अभ्यासक्रम फुकट आहे आणि संगणकासमोर एका बैठकीत पुरा होतो. त्यात निदान करायला कोणी शिकवत नाही. शिकवतात ते पाहायला: मुलाची नजर शून्यात आहे का, चालताना तोल जातो का, साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला वेळ लागतो का, धावफलक काय सांगतो हे त्याला आठवते का. बहुतेक कन्कशनमध्ये मूल बेशुद्ध पडत नाही, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची शिकवण आहे, आणि आपल्याकडे नेमका उलटा समज रूढ आहे. पोरगा उठून उभा राहिला की सगळे टाळ्या वाजवतात आणि चढाई पुढे चालू होते.

पूर्वी इथलाही नियम तसाच होता. बेशुद्ध झालेल्या किंवा तसे दिसणाऱ्या खेळाडूला पंचाने बाहेर काढावे, एवढेच त्यात होते. २०१० मध्ये हायस्कूल संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाने तो बदलला आणि डोकेदुखी, चक्कर, गोंधळ, तोल जाणे यांपैकी काहीही दिसले तरी खेळाडू ताबडतोब बाहेर आणि योग्य वैद्यकीय व्यक्तीने मोकळीक दिल्याशिवाय परत नाही, असे सर्व खेळांच्या नियमपुस्तकांत घातले. या बदलामागे वॉशिंग्टन राज्यातील एका मुलाची कथा आहे. झॅकरी लिस्टेड २००६ मध्ये तेरा वर्षांचा असताना अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला मार लागूनही पुन्हा मैदानात उतरला, सामना संपताना कोसळला आणि कायमचा अपंग झाला. त्याच्या नावाचा कायदा मे २००९ मध्ये झाला आणि पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेच्या प्रत्येक राज्याने या ना त्या स्वरूपात तसा कायदा केला. म्हणजे इथली मुले काचेची होती म्हणून नियम आला नाही. इथल्या मोठ्या माणसांनीही "काही नाही झालं, खेळ" असेच म्हटले होते.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते सांगतो. कॉर्नर किकवर दोघे उडी मारतात, डोक्याला डोके लागते, एकजण पडतो आणि लगेच उठतो. तो हात वर करून ठीक असल्याचे दाखवतो आणि चालू लागतो, पण स्वतःच्या गोलऐवजी दुसऱ्या गोलकडे. मी घड्याळ थांबवतो आणि प्रशिक्षकाला आत बोलावतो. प्रशिक्षक म्हणतो, तो अगदी बरा आहे, मी त्याला ओळखतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही, कारण वाद घालायला मला काही सिद्ध करायचेच नसते. मुलाला कन्कशन झाले आहे असे मी म्हणतच नाही. लक्षण दिसले, एवढेच सांगतो. ओहायोच्या कायद्याने तो मुलगा त्या दिवशी पुन्हा खेळत नाही, मग प्रशिक्षक काहीही म्हणो. घरी गेल्यावर मी राज्य संघटनेकडे अहवाल पाठवतो आणि माझे काम तिथे संपते. यात डॉक्टरकी कुठे आली? उलट, लिखित नियम नसताना "याला खेळू द्यावे की नाही" हे मनाशी ठरवणारा पंचच डॉक्टरचे काम करत असतो आणि दादा ते गेली कित्येक वर्षे करतो आहे.

कबड्डीत डोके सांभाळायचे प्रसंग सॉकरपेक्षा कमी नाहीत. घोट्याची पकड घ्यायला झेपावणाऱ्या कोपरारक्षकाचे डोके चढाईपटूच्या गुडघ्यावर आदळते. साखळी चढाईपटूला उचलून आपटते तेव्हा तो पाठीवर पडेल की मानेवर, हे कोणाच्याच हाती नसते. मॅट असली तर थोडे बरे. तालुक्याला मॅट कुठली? पंचाला खेळ थांबवायचा अधिकार आहे, बदली खेळाडूही घेता येतो. नाही ते एवढेच, की तोंडावर पाणी मारून, स्प्रे फवारून मुलाला पुन्हा उभे करण्याआधी काय पाहायचे, हे कोणी कधी शिकवलेले नाही. त्यात दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण! पुढच्या फेरीवर गुण अवलंबून असलेला मुलगा डोके दुखते असे स्वतःहून सांगेल, ही अपेक्षाच भाबडी आहे. म्हणून ज्याला कोणत्याच संघाच्या निकालाशी देणेघेणे नाही, त्या पंचावर ही जबाबदारी टाकायची.

आमच्याकडे मैदानावर डॉक्टर नसतो, हे दादाचे म्हणणे खरे आहे. पण ते त्याच्याच विरुद्ध जाते. इथेही अनेक शाळांत खेळाडूंच्या दुखापती पाहणारा पूर्णवेळ अॅथलेटिक ट्रेनर नसतो आणि कित्येक सामन्यांना प्रशिक्षक आणि पंच यांच्याखेरीज जबाबदार म्हणावे असे कोणीच नसते. नियम अशाच मैदानांसाठी आहे. जिथे डॉक्टर उभा आहे, तिथे माझ्या प्रशिक्षणाची फारशी गरजच नाही.

आपल्याकडे कन्कशन या शब्दाची चर्चा कधी झाली, तर ती जानेवारी २०२५ मध्ये, इंग्लंडविरुद्ध पुण्याच्या टी-ट्वेंटी सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळल्यानंतर हर्षित राणा त्याच्या जागी उतरला तेव्हा. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दोन दिवस रण माजले होते: फलंदाजीच्या अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज कसा चालतो, इंग्लंडवाले रडके कसे आहेत, वगैरे. दुबेचे डोके कसे आहे, हे एकानेही विचारले नाही. रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्याला शॉर्ट लेगवर हेल्मेटविना उभा असताना डोक्याला चेंडू लागून गेला, हे त्याच ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना तोंडपाठ आहे.

यावर दादाने जे म्हणायचे तेच म्हटले: दहा लाखांच्या आसपास पोरांना हेल्मेट घालून एकमेकांवर डोकी आदळायला लावणाऱ्या देशाने आम्हाला शहाणपण शिकवू नये. अमेरिकन फुटबॉलबद्दल मी त्याच्याशी भांडत नाही. मी त्या खेळात पंच म्हणून उभा राहत नाही, असे म्हणून मी विषय बदलला, हे मात्र खरे.

आणखीही एक गोष्ट आहे, जी मी त्याला फोनवर सांगितली नाही. या देशात माझे उच्चार, माझे आडनाव, माझी मते यांना सहसा कोणी फार किंमत देत नाही; पण चाळीस मिनिटांच्या दोन सत्रांत मी हात वर केला की बावीस मुले थांबतात. इथल्या नियमांचा मला जो अभिमान वाटतो, त्यात हा स्वार्थही मिसळलेला आहे. आणि ज्यांच्यासाठी मी घड्याळ थांबवतो, त्या मुलांना मी फक्त जर्सीच्या क्रमांकाने ओळखतो. अहवाल पाठवल्यावर चौदा नंबरचे पुढे काय झाले, हे मला कधीच कळत नाही. दादाला प्रत्येक पोराचे नाव, गाव आणि वडिलांचा धंदा माहीत असतो; एखाद्याला खरेच लागले तर तो त्याला स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेतो आणि रात्री त्याच्या घरी जाऊन येतो. माझ्या कायद्यात यांतले काहीही लिहिलेले नाही.

दादाचा शेवटचा आक्षेप त्यातूनच येतो आणि तोच मला सर्वांत खरा वाटतो. अंतिम सामन्यात गावच्या चढाईपटूला बाहेर काढले, तर संध्याकाळी त्याच गावातून, त्याच माणसांसमोरून पंचाला घरी जायचे असते. मी मात्र गाडीत बसून निघून जातो. पण मग त्याच्याच हिशेबाने छापील नियम त्याला माझ्यापेक्षा जास्त हवा. आज तो पोराला बाहेर काढतो तेव्हा निर्णय त्याचा असतो आणि शिव्याही त्यालाच पडतात. उद्या जिल्ह्याच्या नियमपत्रकात लक्षणांच्या चार ओळी आल्या, तर पोराच्या वडिलांना तो त्या ओळी दाखवू शकेल.