ताई, तुमच्या रिव्ह्यूला उत्तर देतोय, चुकलं कुठं तेपण सांगतो

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला, आज सकाळी परत वाचला. तुम्ही दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय की 11,500 रुपये मोजून घर नाताळचं दिसायच्या ऐवजी दवाखान्यासारखं दिसायला लागलं, झाडाची पांढरी पावडर सोपाभर, म्हणजे पुढच्या खोलीभर झाली, वरची चांदणी तुळईला घासून वाकडी बसली, आणि 24 तारखेला संध्याकाळी ऐन टायमाला अर्धी माळ गेली तर दुकानात कुणी फोन उचलला नाही. यातलं एकही खोटं नाही. म्हणून सगळ्यांना दिसेल असंच इथं लिहितोय.

आधी माळेचं आणि फोनचं. आमच्यात पद्धत आहे की कुठलीही माळ गिऱ्हाईकाच्या घरी जायच्या आधी एक अख्खी रात्र दुकानात लावून ठेवायची, कारण या माळांत बल्ब एका ओळीत जोडलेले असतात आणि एक गेला की त्याच्यासोबत पुढचे मागचे पण जातात, आणि जो जाणार असतो तो बहुतेक पहिल्या रात्रीतच जातो. तुमची माळ 22 तारखेला आली आणि तशीच पाठवली, तपासली नाही. 24 ला आम्ही तिघंही बाहेर कामावर होतो आणि दुकानाचा फोन काउंटरवर वाजत राहिला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही पोरांना घेऊन अंधाऱ्या झाडासमोर बसला असाल हे मनात आलं की लय वाईट वाटतंय. माळेचे आणि फिटिंगचे मिळून 2,400 रुपये आज परत पाठवतोय. पुढच्या वर्षीपासून 24 ला एक माणूस फक्त फोन आणि रिपेरीला दुकानात बसणार.

आता मोठी गोष्ट, दवाखान्याची. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला होता, पांढऱ्या भिंती, मोठी खिडकी, बर्फ पडल्यासारखं झाड, चंदेरी गोळे, आणि म्हणालात सेम टू सेम पाहिजे. मी हो म्हटलं. चूक तिथंच झाली. तुमचं घर कोल्हापुरात पेठेतलं जुनं आहे हे पत्त्यावरूनच कळत होतं, मी आधी येऊन सोपा बघायला पाहिजे होता, तेपण संध्याकाळी सात वाजता दिवे लावून, आणि तोंडावर सांगायला पाहिजे होतं की ताई हे तुमच्या घराला बसणार नाही. डिसेंबरची गर्दी होती, म्हटलं फोटो आहे ना मग काय, पोरांना सामान देऊन पाठवलं. 25 ला सकाळी माळ बदलायला मी स्वतः आलो तेव्हा दारातच माझ्या लक्षात आलं की काय झालंय ते.

तो फोटो ज्या पद्धतीचा आहे ती स्वीडन-नॉर्वेकडची. तिकडं डिसेंबरात स्टॉकहोमला दुपारी तीनच्या आधीच सूर्य मावळतो, बाहेर बर्फ, म्हणून ती लोकं घरात जेवढा म्हणून उजेड उचलून धरता येईल तेवढा धरतात, भिंती पांढऱ्या, लाकूड फिकं, खिडकीत चांदणीचा दिवा नाहीतर मेणबत्त्या. आणि मेन म्हणजे त्यांचा उजेड पिवळसर असतो, मेणबत्तीसारखा. फोटोत झाड पांढरं दिसलं म्हणून आम्ही माळ पण पांढरी फटक दिली, 6500 केल्विनवाली (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, मोठा असला की उजेड निळसर, लहान असला की पिवळसर), जी ट्यूबलाइटसारखी निळसर पडते. तुमच्या सोप्याचं लाकूड सागवानी, जवळपास काळं झालेलं, भिंतीला खालून अर्ध्यापर्यंत निळा ऑइलपेंट, खाली शहाबादी फरशी. निळ्या भिंतीवर निळसर उजेड आणि मधे पांढरं झाड, मग दवाखानाच दिसणार, दुसरं काय दिसणार. तुमच्या डोळ्यांना जे दिसलं ते बरोबर दिसलं.

हीच पांढरी-चंदेरी थीम मी याच महिन्यात उजळाईवाडीकडं एका नव्या बिल्डिंगमधल्या फ्लॅटमध्ये केली, नववा मजला, हॉलला एका बाजूला सगळी काचच, भिंती पांढऱ्या, आणि तिथं ती इतकी सुरेख दिसली की मलाच तिथनं निघवत नव्हतं. म्हणजे थीम वाईट नव्हती, तुमच्या घरात जे आधीपासून आहे त्याच्याशी तिचं जुळत नव्हतं. ताराबाई पार्कात एका बंगल्याच्या अंगणात ते उंच झाड आहे, नर्सरीवाले ज्याला ख्रिसमस ट्री म्हणून विकतात, खरं नाव अरौकारिया, मूळचं लांब पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचं, तर त्यांना मी सांगितलं की घरात दुसरं झाड कशाला, बाहेरच्याला एकच रंगाची माळ नीट गुंडाळू आणि दारावर एक हिरवा गोल हार लावू. तेवढंच केलं. दुकानाचं बिल कमी झालं पण त्यांची गल्ली बघायला थांबत होती. आणि एका रिटायर बाईंची एकच खोली आहे, त्यांना झाडच नको म्हटलं, खिडकीत चांदणी आणि टेबलावर गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, झालं की.

माझे वडील दिवाळीला आकाशकंदील करायचे आणि दिवाळी संपली की त्याच कामट्यांतून नाताळच्या चांदण्या. 1852 साली वायल्डर मिशनरी कोल्हापुरात आले तेव्हापासून इथं नाताळ आहे, आणि वायल्डर मेमोरियल चर्चच्या बाजूची बरीच घरं वडिलांकडनं चांदणी न्यायची. दोन पाच टोकांच्या चौकटी करायच्या, टोकाला टोक दोऱ्यानं आवळून बांधायचं, मग आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर कामट्या उभ्या सरकवायच्या की चांदणी मधे फुगते, आणि वरून पतंगाचा कागद खळीनं चिकटवायचा. आत बल्ब सोडला की कागदातनं जो पिवळा उजेड येतो ना, तो काळ्या लाकडावर, दगडी भिंतीवर असा मऊ बसतो की बास. तुमच्या तुळयांना मी असली चांदणी टांगायला पाहिजे होती. झाडाच्या डोक्यावर पत्र्याची बसवून ती वर घासत ठेवली हे काम माझ्या दुकानाला शोभत नाही. सोप्यात तुळईखाली जेमतेम आठ फूट जागा, आम्ही सात फुटी झाड दिलं आणि वर चांदणी. वर फूटभर तरी मोकळं राहायला पाहिजे, म्हणजे तिथं पाच-साडेपाच फुटीच बरं, तेपण दाराच्या वाटेत नाही, कारण सहा फुटी झाडाची खालची रुंदीच तीन फुटांच्या वर जाते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा पदर त्यात अडकतो.

तुमचा सोपा बघताना अजून दोन गोष्टी मला दिसल्या त्या सांगतो. भिंतीत जो मोठा कोनाडा आहे, जिथं आत्ता रिमोट आणि चार्जर पडलेत, तो गव्हाणीसाठी इतका बेस्ट आहे की मी दुकानातला एकही गोठा तुम्हाला विकणार नाही. लोकं प्लायवूडचा गोठा घेतात, वर चमकी मारतात, आणि तुमच्याकडं आयता दगडी कोनाडा आहे. 1223 साली इटलीत ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसनं नाताळला गव्हाणीचा देखावा केला तेव्हा त्यानं खरं गवत आणि खरे बैल-गाढव आणले होते. आपल्याकडं भाताचं पिंजर फुकट मिळतं, ते अंथरायचं, मूर्ती ठेवायच्या आणि मागं एकच छोटा पिवळा बल्ब लपवायचा. दुसरं म्हणजे माळ्याच्या जिन्याखाली तुमचं पितळी घंगाळ आहे. ते घासून त्यात झाड उभं करायचं, खालचा प्लॅस्टिकचा स्टँड झाकतो आणि माळेचा उजेड पितळेत परत दिसतो.

रंग लाल, हिरवा आणि थोडा सोनेरी, जुन्या पद्धतीचा. काळं लाकूड आणि लाल रंग यांचं जमतंच. दोन कुंड्या पॉइन्सेटियाच्या आणतो, त्याचं जे लाल दिसतं ते फूल नाही, पानंच असतात, मूळ मेक्सिकोचं झाड आणि रात्री मोठ्या झाल्या की लाल होतं म्हणून बरोबर नाताळात रंगतं. पुढच्या वर्षीसाठी ठेवणार असाल तर रात्री बल्बच्या किंवा रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात ठेवू नका, उजेड मिळाला तर ते हिरवंच राहतं. तुमची निळी भिंत आहे तशीच राहू दे, पेंट करायची गरज नाही, 2700 नाहीतर 3000 केल्विनची माळ लावली की तो निळा आपोआप शांत होतो. बॉक्सवर आकडा छापलेला असतो, मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आता तो वाचून दाखवतोय.

तुम्ही लिहिलंय की 1 तारखेला जेवायला पाहुणे आहेत. मला 30 तारखेला संध्याकाळी साडेसहाला यायची परवानगी द्या. पांढरं झाड मी परत नेतो आणि पावडर आमची पोरं पुसून देतील, फरशीच्या सांध्यात बसते ती, कोरड्या झाडूनं निघत नाही, ओल्या फडक्यानंच निघते. साडेपाच फुटी हिरवं झाड, कागदाची चांदणी आणि पिवळी माळ आणतो, आणि ही माळ मी आज रात्रीपासून दुकानात लावून ठेवलीय. याचा एक रुपया घेणार नाही. 6 जानेवारीपर्यंत, म्हणजे बाळ येशूला बघायला आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी लोकांच्या सणापर्यंत, काय लागलं तर माझ्या स्वतःच्या मोबाईलवर फोन करा, नंबर तुम्हाला मेसेजमधे पाठवलाय. रिव्ह्यू बदला असं म्हणणार नाही, राहू दे तसाच.

फक्त एक विनंती, 30 ला कोनाड्यातले चार्जर काढून ठेवा आणि घंगाळ जिन्याखालनं बाहेर काढून ठेवा, चिंच मी घेऊन येतो.